भिंगरीच्या जागी मामा

परदेशात जायचं मनात आल्याबरोबर भिंगरीच्या बाबाने पहिलं काम काय केलं असेल, तर सोफा ओढून भिंतीला लावला आणि दिवाणखान्याच्या फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीने विमान आखलं. दोन्ही बाजूंना आसनं, मधून बोळ, मागे स्वच्छतागृह. स्वच्छतागृह नेमकं टीव्हीच्या टेबलावर येत होतं, म्हणून टेबलाची रवानगी स्वयंपाकघरात झाली.

त्याला हसण्यात अर्थ नव्हता. माणूस उभा जन्म एका नाटक कंपनीत रंगमंच व्यवस्थापक होता. पडदा कधी वर जायचा, कुठला दिवा कधी लागायचा, कुणी कुठल्या विंगेतून यायचं, हे सगळं ज्याच्या इशाऱ्यावर चालतं आणि प्रेक्षकांना ज्याचं तोंडही कधी दिसत नाही, तो माणूस. अशा माणसाचा तालमीवर जितका विश्वास असतो तितका देवावरसुद्धा नसतो. स्वतःच्या लग्नाचीही त्याने आदल्या दिवशी तालीम घेतली होती. नवरीला वेळ नव्हता, म्हणून तिच्या जागी तिचा धाकटा भाऊ उभा राहिला, आणि त्या फोटोवरून घरात अजूनही हशा पिकतो.

सहल मात्र खरोखर झकास होती. सायकलवरून गावोगाव हिंडायचं आणि प्रत्येक मुक्कामी तिथल्या लोकांकडून काहीतरी शिकून घ्यायचं. एका गावात मातीची भांडी, दुसऱ्यात त्यांचा नाच, तिसऱ्यात मनोऱ्यावरच्या मोठ्या घंटा दोर ओढून सुरात वाजवायच्या, आणि शेवटच्या गावी जे काही शिकलो ते चौकात करून दाखवायचं. एक मोठं माणूस आणि एक वाढत्या वयाचं मूल अशीच जोडी घेत होते. भिंगरीची आई भूलतज्ज्ञ, तिला रुग्णालयातून रजा मिळणं शक्य नव्हतं. त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं. "तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "घरात तालीम नाही आणि तोंड फुगवलेलं माणूस नाही, ही माझी रजाच."

तोंड फुगवलेलं माणूस म्हणजे भिंगरी. लहानपणी जागच्या जागी गिरक्या घेत राहायची म्हणून हे नाव पडलं. आता ती पंधराची होती, उंचीने बाबाच्या कानापर्यंत पोचली होती, आणि गिरकी सोडाच, कूस बदलायलाही तिला जिवावर यायचं. सहलीचं विचारलं तेव्हा ती "बघू" म्हणाली. मग रोज विचारलं तर रोज "बघू."

पंधरा वर्षांच्या पोरीचं "बघू" म्हणजे काय, यावर बाबाने बराच खल केला. स्वरात नकार होता, पण नकाराला लागतो तेवढा दम नव्हता. पूर्वी हीच मुलगी शाळा सुटली की थेट नाट्यगृहात यायची, विंगेत त्याच्या शर्टाचं टोक धरून उभी राहायची, आणि दिवा लावायची खूण त्याच्याआधी तिच्या तोंडून निघायची. आता त्याने खोलीत डोकावलं तरी ती पांघरूण नाकापर्यंत ओढून घेत होती. या वर्षी ती आली नाही तर पुन्हा कधीच येणार नाही, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. पुढल्या वर्षी ती शिकायला दुसऱ्या गावी जाणार, मग मैत्रिणी, मग काय काय. आणि जबरदस्तीने नेलेली मुलगी त्याला नको होती. तिने आपण होऊन "येते" म्हणायला हवं होतं.

सहलवाल्या बाई फोनवर गोड बोलायच्या, पण ठाम होत्या. दोन जागा शनिवारी दुपारपर्यंत राखून ठेवते, म्हणाल्या, मग मागे रांग लागली आहे. शुक्रवारी नाट्यगृहाला सुट्टी होती. बाबाने संध्याकाळी तालीम लावली.

"भिंगरे, विमानात चढायचंय!" त्याने हाक मारली.

"मला नका धरू," बंद दाराआडून उत्तर आलं.

झालं. मुख्य पात्र गैरहजर. पण नाटकवाल्याला त्याचं काही वाटत नाही, तो बदली कलाकार उभा करतो. बदली कलाकार खालच्याच मजल्यावर राहत होता. मामा, म्हणजे लग्नाच्या तालमीतली ती नवरी. मामा मोटार शिकवण्याची शाळा चालवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवून त्याची इतकी वर्षं गेली होती की कुठेही धोका दिसला की त्याचा उजवा पाय आपसूक जमीन दाबायचा. सिनेमात नायक कड्यापाशी गेला की दाबायचा. ताईचा आवाज चढला की दाबायचा.

"दाजी, मी खिडकीशी बसणार," आल्या आल्या त्याने सांगून टाकलं.

"खिडकी भिंगरीची."

"मग मी कोण आहे?"

बाबा सरकला आणि मामा खिडकीशी बसला. आईला हवाई सुंदरीचं काम मिळालं. दिवसभर माणसांना झोपवून ती दमून आली होती, तरी बोळात उभी राहून तिने पट्टे कसे बांधायचे ते सांगितलं. तिच्या आवाजात वर्षानुवर्षांची अशी काही जादू होती की सूचना संपेपर्यंत दोन्ही प्रवाशांच्या माना कलल्या.

"झोपू नका हो!" बाबा दचकून उठला. "उड्डाण!"

मामाने भिंगरीची दारामागे लटकलेली टोपीवाली जर्सी अंगात घातली होती. ती त्याच्या पोटावर अर्ध्यातच थांबली होती. टोपी डोळ्यांपर्यंत ओढून तो फोनमध्ये बघत बसला.

"भिंगरे, बाहेर बघ, ढग!" बाबा म्हणाला.

"हं," मामा म्हणाला.

"भूक लागली का?"

"नाही."

"सँडविच मागवू?"

"काहीही."

"मग भूक लागली आहे ना?"

"बाबा, प्लीज," मामा म्हणाला, आणि डोळे असे काही फिरवले की बुबुळं दिसेनाशी झाली. आईला हसू आवरेना. ती टीव्हीच्या जागी, म्हणजे स्वच्छतागृहात, जाऊन बसली.

भिंगरीच्या खोलीचं दार बोटभर उघडलं.

"मी असं बोलत नाही," फटीतून आवाज आला.

"हं," मामा मान वर न करता म्हणाला.

"मी कधीच असे डोळे फिरवत नाही!"

मामाने फटीकडे बघून पुन्हा डोळे फिरवले. दार हातभर उघडलं. बाबाने तिकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. विंगेत उभ्या नटाला आपण टक लावून बघितलं की त्याची एंट्री चुकते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने विमान उतरवलं. चाकं टेकताना मामाने फरशीवर असा करकचून ब्रेक दाबला की त्याची चप्पल स्वयंपाकघरापर्यंत गेली. खालच्या मजल्याची तक्रार यायची भीती नव्हती. खालचा मजला विमानात बसला होता.

पुढचा प्रवेश सायकलींचा. जेवणाच्या खुर्च्या उलट्या फिरवून त्यांवर पाठीकडे तोंड करून बसायचं, पाठ म्हणजे हँडल. बाबा पुढे, मामा मागे, हवेत पाय मारत दोघं गावाला निघाले. "चढ आला!" बाबा ओरडला की दोघं धापा टाकायचे. "उतार!" म्हटलं की पाय पसरून द्यायचे. आई रस्त्याकडेची गाय झाली, कुणी सांगितलं नसताना.

मग मुक्काम आला आणि नाच आला. तिथला नाच कसा असतो हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा बाबाने तो जागेवरच बसवला. दोन पावलं पुढे, एक मागे, टाळी, गिरकी. मामाचं वजन गिरकीला अनुकूल नव्हतं. तो फिरू लागला आणि फिरतच राहिला, आणि फुलदाणीपाशी आईने त्याला झेलला. दार आता सताड उघडं होतं. भिंगरी चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभी होती, ओठ दाबून धरले होते आणि खांदे हलत होते.

इथे मामाला चेव चढला. चांगल्या नटाचं हेच होतं, टाळी मिळाली की तो पदरचं घालायला लागतो. तो बाबाच्या खांद्यावर डोकं टेकवून लाडिक आवाजात म्हणाला, "बाबा, तू बरोबर आहेस म्हणून मला किती सुरक्षित वाटतं!"

"शी!" भिंगरी किंचाळली. "मेले तरी मी असं म्हणणार नाही! मामा, ऊठ. ऊठ तिथून. जर्सी काढ माझी. ती माझी जागा आहे!"

बाबाच्या छातीत कुणीतरी सगळे दिवे एकदम लावले. पण चेहरा त्याने कोरा ठेवला. "उशिरा आलेल्या कलाकाराला आम्ही आत घेत नाही," तो म्हणाला.

"बाबा, सरक."

मग जी धमाल झाली ती सांगून सोय नाही. भिंगरी खुर्चीवर बसली ती वाऱ्यासारखी सुटली. तिने बाबाला मागे टाकलं, गायीला मागे टाकलं, तोंडाने घंटी वाजवत रस्त्यावरच्या काल्पनिक कोंबड्या उडवल्या. "वळण!" ती ओरडली की चौघांनी मिळून एका अंगाला कलायचं. मामाला आता काम उरलं नव्हतं, म्हणून तो समोरून येणारा ट्रक झाला. फोनवरून शिकलेले तिथल्या भाषेतले दोनचार शब्द भिंगरीने वाटेत भेटलेल्या सगळ्या गावकऱ्यांना, म्हणजे आईला, ऐकवले. आईने त्यावर गायीच्या भाषेत उत्तर दिलं. शेवटी चौघंही फरशीवर आडवे पडले आणि कुणी नुसतं "हं" म्हटलं तरी पुन्हा हसण्याचा लोंढा यायचा. कितीतरी महिन्यांनी भिंगरीचं डोकं बाबाच्या दंडावर होतं, आणि ते तिच्या लक्षात येऊ नये म्हणून बाबा श्वाससुद्धा बेताने घेत होता.

"उद्या सकाळी रंगीत तालीम!" तो छताकडे बघत म्हणाला. "मामाच्या मैदानावर. खऱ्या सायकली!"

दंडावरचं डोकं उचललं गेलं. "झोप आली," भिंगरी म्हणाली आणि उठून गेली. बाबाला वाटलं, दमली असेल पोर.

मामाच्या शाळेचं मैदान गावाच्या कडेला होतं. डांबरी, सपाट, चारी बाजूंनी कुंपण, आणि शिकाऊ लोकांनी कितीतरी वेळा ठोकरलेले केशरी शंकू. मधोमध शाळेची जुनी गाडी उभी होती. मामाने कुणाकडून तरी दोन सायकली मागून आणल्या होत्या. आई सकाळची एक शस्त्रक्रिया आटोपून परस्पर आली होती आणि गाडीच्या बॉनेटवर बसून गळ्यातलं ओळखपत्र काढत होती. बाबा खाकी अर्धी चड्डी घालून, डोक्याला शिरस्त्राण बांधून तयार. त्याने सायकलला टांग मारली, एक ऐटदार फेरी घेतली आणि भिंगरीपुढे येऊन थांबला.

भिंगरी खिशात हात घालून उभी होती. "मला नाही यायचं," ती म्हणाली.

"बरं, आधी मी अजून एक फेरी मारतो."

"सहलीला नाही यायचं. नाव देऊ नकोस माझं."

बाबाचा चेहरा खाडकन उतरला. मामाचा पाय जमिनीवर दाबला गेला. काल रात्री बाबा पडल्या पडल्या मनातल्या मनात बॅगा भरत होता, आणि आज हे! "अगं, काल तर तू..." तो सायकलवरून उतरला. "काल तर किती मजेत होतीस."

"काल खुर्ची होती!" भिंगरीचा आवाज चिरकला. "खुर्ची पडत नाही!"

मग ती शंकूकडे बघत पुटपुटली, "मला सायकल येत नाही, बाबा."

बाबा हसला. अगदी मोकळं हसला, जीव भांड्यात पडल्यासारखा. "काहीतरीच काय! मी स्वतः शिकवली आहे तुला. एका दुपारीत! विसरलीस?" आणि तो गाडीला टेकून सांगायला लागला. ही गोष्ट त्याने घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली होती, त्यामुळे ती घोटून घोटून बसलेली होती. "तुझी ती निळी सायकल. अंगात पिवळा फ्रॉक. मी मागे सीट धरून पळतोय, तू म्हणतेस, बाबा सोडू नको, बाबा सोडू नको. मी म्हणतो, धरलंय गं, धरलंय. आणि हळूच हात सोडतो. तू जातेस, जातेस, मावळतीच्या उजेडात लांब जातेस, एकदा वळून बघतेस. आणि मी तिथेच उभा, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट..."

त्याचे डोळे भरून आले. या ठिकाणी ते नेहमीच यायचे.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "टाळ्या कुणी वाजवल्या?"

बाबाने डोक्यावरचं शिरस्त्राण मागे सारलं.

"शेजाऱ्यांनी?" त्याने विचारल्यासारखं उत्तर दिलं.

"आणि मावळतीचा उजेड दुपारी कुठून आला?"

मावळतीचा उजेड डावीकडच्या विंगेतून आला होता. तिथे नारिंगी कागद लावलेले दोन मोठे दिवे होते, ते हळूहळू चढवायचे आणि मुलीने वळून बघितलं की एकदम उतरवायचे. बाबाला हे सगळं लख्ख आठवलं. ते नाटक कंपनीने गावोगाव केलं होतं. त्यातला बाप आपल्या मुलीला सायकल शिकवायचा, आणि हात कधी सोडायचा याची खूण विंगेतून बाबाच द्यायचा. रोज त्या प्रवेशाला टाळी पडायची. रोज अंधारात उभ्या या माणसाचे डोळे भरायचे, कारण घरी त्याचीही तेवढीच मुलगी होती आणि तिला बघून बरेच दिवस झालेले असायचे. एवढ्या वेळा ती मुलगी त्याच्या खुणेवर सुटून गेली की शेवटी ती त्याचीच होऊन बसली.

"अहो, निळी सायकल नेपथ्यातली," आई बॉनेटवरून म्हणाली. "हिची लाल होती. तिची हवा कायम गेलेली असायची, आपण ती देऊन टाकली." आणि मग तिचाही चेहरा बदलला. "म्हणजे... तुम्ही खरंच नाही शिकवली? मला वाटायचं, मी रुग्णालयात असताना कधीतरी शिकवली असेल. तुम्ही इतकं बारीकसारीक सांगायचात!"

"मलाही खरंच वाटायचं," भिंगरी म्हणाली. "लहानपणी मला ते आठवायचंसुद्धा. फ्रॉकसकट. मग सहावीत एकदा मैत्रिणीची सायकल घेतली, म्हटलं आपल्याला तर येते, आणि सरळ कुंपणात."

"ते खरचटलं होतं ते?" मामा ओरडला. "तू तर म्हणालीस, मांजर!"

"मग मला सांगितलं का नाहीस गं?" बाबाने विचारलं.

भिंगरीने खांदे उडवले. "तुझे डोळे भरून यायचे. दर वेळी. पाहुणेसुद्धा रडायचे. मी मधेच काय सांगणार, की असं काही झालंच नाही?"

बाबाला लाज वाटली, फार वाटली. आपण परक्या पोरीला खुणा देत होतो आणि आपली पोर घरी हवा गेलेल्या सायकलपाशी बसून होती. त्यातून आपण तिलाच ते सांगून सांगून रडायचो, आणि ती आपली समजूत मोडू नये म्हणून गप्प राहायची. रोजच्या त्या "बघू"त इतकं सगळं होतं. त्याला रडू येणार एवढ्यात आईच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. तिने तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही.

"म्हणजे इतकी वर्षं," ती कशीबशी म्हणाली, "हे पाहुण्यांना नाटकाचं कथानक सांगत होते!"

मामा फुटला. भिंगरी फुटली. बाबाने अंगावर धरलेली सायकल खाली घातली आणि तोही फुटला, डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते नक्की कशाचं, ते त्याने विचारलं नाही स्वतःला.

मग त्याने सायकल उचलली, शिरस्त्राण काढून भिंगरीच्या डोक्यावर चढवलं आणि सीट घट्ट पकडली. "बस."

"तालीम?"

"तालीम नाही. बस गुपचूप."

नाटकातला बाप आठदहा पावलं पळायचा आणि मग विंग यायची. इथे विंग येईना. मैदानाची लांबी बाबाने कधी अशी फुप्फुसांनी मोजली नव्हती. भिंगरी एकदा डावीकडे पडली, एकदा उजवीकडे, एकदा तिने बाबालाच खाली घेतलं. शंकू एकामागून एक लोळले. मामाच्यातला मास्तर जागा झाला होता. "आरशात बघ!" तो ओरडत होता. "वळायच्या आधी इंडिकेटर!" सायकलला यातलं काही नव्हतं. "समोर बघ, चाकाकडे नको!" हे मात्र त्याचं बरोबर होतं. आई गाडीवरून प्रत्येक पडण्याची डॉक्टरी तपासणी करायची आणि म्हणायची, "काही नाही, चालू द्या."

"बाबा, सोडू नकोस हं!" भिंगरी ओरडली.

"नाही सोडत!" बाबा धापा टाकत म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला होता. ही आपल्या हातून सुटून जावी, असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. हात कधी सोडायचा हे सांगायला विंगेत कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

तेवढ्यात फोन वाजला. दुपार होत आली होती, म्हणजे सहलवाल्या बाई. बाबाने घाईघाईने खिशातून फोन काढून कानाला लावला. "हॅलो, हो, बोलतोय, एक मिनिट हं, मुलीला विचारून..."

त्याने मुलीला विचारायला मान वळवली. मुलगी तिथे नव्हती. फोन त्याच्या उजव्या हातात होता, आणि सीट धरणारा हातही उजवाच होता.

भिंगरी पार मैदानाच्या टोकाला पोचली होती. "बाबा, घट्ट धर, मी वळतेय!" ती पुढे बघतच बजावत होती. मामाचा पाय डांबरात रुतायचा बाकी होता. आईने ओळखपत्राची दोरी दातांत धरली. सायकल थरथरली, कलली, आणि शंकूंच्या पलीकडून मोठं वळण घेऊन परत यायला लागली. आणि तेव्हा भिंगरीला समोर बाबा दिसला, फोन कानाला लावून उभा.

"तू तिथे काय करतोयस?" ती किंचाळली आणि त्याच्या अंगावरून सुसाट निघून गेली.

"हॅलो?" बाई फोनमध्ये म्हणाल्या. "ठरलं का मग? नावं लिहू?"

"एक मिनिट..." बाबा म्हणाला. भिंगरी पुन्हा वळली. या खेपेला तिचं तोंड हसण्याच्याही पलीकडे गेलं होतं, नुसतं उघडं होतं.

"बाई आहेत का?" जाता जाता तिने विचारलं.

"हो!"

फेरी झाली. "नाव दे!" ती जवळून गेली.

फेरी झाली. "माझं!"

फेरी झाली. "पण फोटो काढायचे नाहीत!"

"लिहा," बाबा म्हणाला. "दोघांचीही लिहा. येतेय ती. ती स्वतःच म्हणाली."

"छान. एकच विचारायचं राहिलं," बाई म्हणाल्या. "मुलीला सायकल चांगली येते ना? आमच्याकडे त्याशिवाय चालत नाही."

बाबाने बघितलं. भिंगरी शेवटचा उभा शंकू उडवून, दोन्ही पाय हवेत पसरून ओरडत चालली होती, "हे थांबवतात कसं? मामा, थांबवतात कसं?" आणि मामा तिच्यामागे पळत ओरडत होता, "ब्रेक! ब्रेक!" आणि दर शब्दाला स्वतःचाच पाय आपटत होता.

"येते," बाबा म्हणाला. "थांबता येत नाही अजून, पण निघायला वेळ आहे ना आपल्याला?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने फोन आईच्या हातात कोंबला आणि पळत सुटला, कारण भिंगरी आता फाटकातून बाहेर रस्त्याला लागली होती.